बाल्कनीतली शिट्टी

बावीस मार्च. सकाळपासून ढगाळ, वारा नाही, हवेत दमटपणा.

मी कानातलं मशीन बोलतोय. दवाखान्यात मला श्रवणयंत्र म्हणतात, पण घरात एवढं लांबलचक नाव कोण घेणार? हवामान आधी सांगितलं, कारण दमट हवा मला मानवत नाही. तरी त्या दिवशी जे झालं त्यात हवेचा दोष नव्हता, हेही आधीच सांगून टाकतो.

माझा अर्धा जन्म कारखान्यात झाला, भिंगाखाली, केसाएवढ्या तारा जोडत. उरलेला अर्धा दवाखान्यात. तिथल्या बाईंनी माझ्या मालकिणीच्या उजव्या कानात गुलाबी लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर अलगद काढला आणि त्या आकाराबरहुकूम माझं टोक घडवलं. त्यामुळे मी जगात दुसऱ्या कुणाच्याच कानात बसत नाही. इतकी चपखल जोडी नवराबायकोची तरी जमते का, मला शंका आहे.

माझी मालकीण म्हणजे थोरली. ती आणि तिची धाकटी बहीण एकाच घरात राहतात. दोघींनी जन्मभर एका मोठ्या लॉन्ड्रीत नोकरी केली. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे धुऊन वाफेच्या रोलरांमधून सपाट होऊन निघत. रोलरांचा आवाज असा, की शेजारची बाई किंचाळली तरी कळू नये. म्हणून तिथल्या बायका घशातून आवाज न काढता, नुसते ओठ ठळक हलवून बोलत. या बोलण्याला त्या ओठबोली म्हणत. ओठबोलीत भाज्यांचे भाव ठरत, सोयरिकी जुळत, आणि मुकादमाचा त्याच्या तोंडावर उद्धार होई. त्याने "काय म्हणताय गं?" असं खुणेने विचारलं, की सगळ्याजणी पदराने वारा घेत, जणू 'उकडतंय' एवढंच म्हणत होत्या.

चादरीची घडी दोघीजणी मिळून घालायच्या. दोन टोकं थोरलीकडे, दोन धाकटीकडे. जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब जायचं. दिवसभर समोरासमोर. पुढे धाकटी शिवणखात्यात गेली आणि तिचे कान वाचले. थोरली रोलरांपाशीच राहिली. तिचे गेले.

मी पहिल्यांदा कानात बसलो तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "हा फ्रिज रोज असाच ओरडतो?"

"रोज," धाकटी म्हणाली. मग भांडी विसळताना, सवयीने, नळाकडे तोंड करून पुटपुटली, "आता म्हातारीला सगळंच ऐकू येणार."

"म्हातारी कुणाला म्हणालीस?"

हातातली ताटली सिंकमध्ये पडली. तो आवाज मला फार लागला. थोरलीलाही लागला असावा. चार दिवसांत तिने मला काढून बटणांच्या डब्यात ठेवलं. फ्रिज, कुकर, वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या, एवढं सगळं तिला एकदम नको होतं. शांततेची सवय झालेल्या माणसाला आपण पाहुण्यासारखे वाटतो, नको त्या वेळी आलेले. मी राग मानला नाही. बटणांची संगत काही वाईट नव्हती.

मग एके दिवशी डबा उघडला. थोरलीच्या हातात नाट्यगृहाबाहेरून आणलेलं पत्रक होतं. 'होडीवाली' बंद होणार होतं.

'होडीवाली' हे गाण्यांचं नाटक कित्येक वर्षं त्या एकाच नाट्यगृहात चाललं होतं. थोरली सुट्टी मिळेल तेव्हा जाऊन बाल्कनीत बसायची. त्यात दाट धुक्यात होडी घेऊन निघालेली बाई पलीकडच्या काठाला हाक मारते:

कोण आहे पैलतीरी, हाक द्या हो, हाक द्या;
धुकं इतकं दाट झालं, दिसत नाही, ऐकू द्या.

या गाण्याची तिथे एक रीत होती. गाणं आलं की माइक बंद. वादक वाद्यं खाली ठेवत. छताचे पंखेसुद्धा थांबत. पहिल्या प्रयोगापासून काम करणारी ती गायिका नुसत्या गळ्यावर गायची आणि प्रेक्षक खोकला गिळून बसायचे.

दवाखान्यातल्या बाईंना थोरलीने एक गोष्ट सांगितली, ती मी ऐकली. घरात कुणालाच ठाऊक नव्हती. गेली काही वर्षं त्या गाण्यातलं तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती कानामागे पंजा धरून पुढे वाकायची आणि सगळ्यांबरोबर मान डोलवायची.

"बंद व्हायच्या आधी एकदा ते खरंच ऐकायचंय," ती म्हणाली.

"मग आता कानामागे हात धरायचा नाही," बाईंनी बजावलं. "हात धरलात की मशीन शिट्टी मारतं. आणि ती शिट्टी इतकी बारीक असते की तुम्हाला स्वतःला ऐकू येणार नाही."

थोरलीने मान हलवली. घरी रोज मला घालून रेडिओसमोर हात मांडीखाली दाबून बसायची.

बावीस तारखेला दोघी गेल्या. धाकटी पहिल्यांदाच आली होती, विणकाम घेऊन.

"मला झोप लागली तर उठवू नकोस, ताई."

"घोरलीस तर उठवीन. आता ऐकू येतं मला."

पहिला अंक छान गेला. ढोलाच्या मागे एक लहानशी घंटी वाजते, हे थोरलीला त्या दिवशी कळलं. "ही आधीपासून होती?" तिने धाकटीला विचारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी "शूऽऽ" केलं, तर तेही तिला ऐकू आलं. ती खूश झाली.

दुसऱ्या अंकात पंखे थांबले. माइक गेले. गायिकेने श्वास घेतला आणि थोरलीचा हात, इतक्या वर्षांच्या सवयीचा हात, उठून कानामागे गेला.

मी किंचाळलो. मला दुसरं काही करताच येत नव्हतं.

माणसं वळली. "अहो, कुणाचा मोबाइल आहे तो?" पुढचे गृहस्थ म्हणाले. धाकटीने थोरलीचा दंड दाबला आणि ओठबोलीत म्हणाली: शिट्टी. तुझं मशीन.

मला नाही ऐकू येत, थोरलीचे ओठ म्हणाले.

तुला सोडून सगळ्यांना येतेय.

थोरलीने झटकन हात खाली घेतला. शिट्टी थांबली, पण बाल्कनीपर्यंत येणारा तो बिनमाइकचा आवाजही तिच्यापुरता विरला. तिने माझं आवाज वाढवायचं चाक वर फिरवलं. पुन्हा शिट्टी. खाली फिरवलं. पुन्हा काही नाही. खाली रंगमंचावरची बाई कडव्याच्या मध्ये जरा जास्तच वेळ थांबली.

थोरलीने मला कानातून काढलं, मुठीत धरलं आणि नखाने माझ्या सेलचं दार उघडलं. माझं जग तिथे बंद झालं.

पुढचं मी स्वतः ऐकलेलं नाही. थोरलीने नंतर दवाखान्यातल्या बाईंना सांगितलं, ते तसंच देतो.

धाकटीने विणकाम खाली ठेवलं. रंगमंचाकडे पाठ करून ती थोरलीकडे वळली. रंगमंचावरचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडत होता. आणि तिचे ओठ हलायला लागले. कोण आहे पैलतीरी. हाक द्या हो, हाक द्या. खाली गायिका जसजशी गात होती तसतसे, तिथेच लांबवत, तिथेच थांबत.

धाकटीने ते गाणं त्या दिवसापर्यंत कधी ऐकलं नव्हतं. पाहिलं मात्र होतं. नाटक बघून आलं की थोरली दुसऱ्या दिवशी चादरीच्या त्या टोकाला उभी राहून सबंध गाणं ओठांनी म्हणायची, आणि या टोकाला धाकटी ते बघत असायची. शब्द सगळे होते तिच्याकडे. चाल तिला आज मिळत होती.

थोरली म्हणाली, "मी तिच्याकडेच बघत राहिले. खाली बघितलंच नाही."

टाळ्या सुरू झाल्यावर तिने माझं दार लावलं. मला आधी टाळ्या ऐकू आल्या, मग शेजारी कुणीतरी नाक शिंकरत असल्याचा आवाज.

"रडतेयस?" थोरलीने विचारलं.

"सर्दी झालीय."

"आत्ताच?"

"हवा बघ ना कसली दमट आहे."

बसथांब्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मला वाटायचं ते आनंदाचं गाणं आहे."

"आनंदाचं? का गं?"

"तू हसत म्हणायचीस ना."

बस आली, ती भरलेली होती, गेली. मग थोरलीने विचारलं, "आवाज कसा होता तिचा?"

धाकटीने विचार केला. "थकलाय. पण रोलरमधून चादर बाहेर यायची बघ, हातात घेतली की पोळायची आणि तरी सोडवायची नाही. तसा."

सध्या मी पलंगाशेजारच्या डबीत असतो. सकाळी कानात, रात्री डबीत. फ्रिजशी थोरलीने जुळवून घेतलंय. कधीकधी दुपारी ती मला काढून ठेवते आणि दोघी चादर घडी करायला घेतात. तेव्हा त्यांचं काय बोलणं होतं, मला कळत नाही. कळायलाही नको.

एवढंच मागणं आहे. कुणाच्या कानात माझं एखादं भावंड दिसलं तर लांबून ओरडू नका. आम्हाला सगळंच जमत नाही. समोर या, उजेडात उभे राहा आणि मग बोला.

'होडीवाली' एकोणतीस मार्चला बंद झालं. शेवटच्या प्रयोगाची तिकिटं संपली होती, दोघींना मिळाली नाहीत. थोरलीने ते गाणं माझ्यातून ऐकलं नाही. धाकटीने ऐकलं, एकदा.