आई जेवून राहिली

परीक्षक शोभाताईंनी भूमिकाच्या ताटात गोळाभात वाढला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "निबंध तुझाच आहे ना?"

भूमिकाचा पहिला घास नुकताच तोंडात गेला होता. तिने मान हलवली. पुढे काही बोलेल म्हणून शोभाताई थांबल्या. मग दुसऱ्या मुलाकडे वळल्या.

कला शाखेच्या निबंध स्पर्धेत शेवटी तिघे उरले होते. त्यांना परीक्षकांच्या पंगतीला बसवायचं आणि जेवता जेवता गप्पांतून पारखायचं, ही कॉलेजची जुनी पद्धत. मोबाइल निबंध लिहून देऊ लागला तसं या जेवणाला भारी वजन आलं. आधी प्रश्न होतील, मग पानं, असं भूमिका धरून चालली होती. आधी आलं ते पान. आणि तिने तर या चातुर्मासात आईसारखाच नेम धरला होता, मुक्याने जेवायचा. मध्ये शब्द निघाला की ताटावरून उठायचं, मग उद्यापर्यंत अन्न नाही.

उपाशी राहायचं तिला काही नव्हतं. पण निबंध याच नेमावर लिहिलेला. बोलून उठली असती, तर लिहिलेलं सगळं फोल.

"मुक्याने जेवणाऱ्या बाईला कोणी उठवू शकत नाही," शोभाताईंनी तिचंच वाक्य वाचलं. "हे कोणत्या पुस्तकातलं?"

भूमिका चावत राहिली. कान मात्र तापले.

"हिचं नेटवर्क गेलं वाट्टे, मॅडम," तिघांतला पियुष म्हणाला. टेबलावर हशा पिकला. तो स्वतः मघापासून चार विचारवंतांची नावं पाण्यासारखी वापरत होता.

शोभाताई हसल्या नाहीत. त्यांनी तिचे कागद बाजूला ठेवले. तरी भूमिकाने घाई केली नाही. भातावर तेल घेतलं, कढी संपवली, शेवटचं शीत टिपलं, ताटाला नमस्कार केला. हात धुऊन आली आणि उभ्यानेच बोलू लागली.

"मॅडम, माफ करा, जेवताना माझं मौन असते. तुम्ही विचारलं, कोणत्या पुस्तकातलं. पुस्तकातलं नाही, आईचं आहे. ती नवी सून होती तेव्हा जेवायला बसली की हाक यायचीच. पाणी आण, पापड भाज. अर्धा घास टाकून उठायची. मग एका चातुर्मासात तिनं देवापुढं मुक्याने जेवायचा नेम धरला. नेमातल्या बाईले हाक मारली तर पाप लागते, म्हणून घरचे गप्प राहिले. ती म्हणते, देवानंच मले बसून जेवू घातलं."

"चार महिने?" शोभाताईंनी विचारलं.

"तिचा चातुर्मास अजून संपलाच नाही, मॅडम."

पियुषने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच हातात धरून बसला. शोभाताईंनी बाजूचे कागद पुन्हा जवळ ओढले.

दुपारी सभागृहात पहिलं नाव पुकारलं गेलं ते भूमिकाचं.

ती शहराबाहेर बेसा भागातल्या आपल्या घरी पोचली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. अंगणात चपलांचा ढीग. शेजारची माया पेढे घेऊन आलेली, आणि बाबा, ज्यांनी हा निबंध कधी वाचायला मागितला नव्हता, सगळ्यांना तोच समजावून सांगत होते. बक्षिसाची ढाल तिच्या हातात दिसताच त्यांना राहवलं नाही.

"वच्छला, बाहेर ये वं लवकर! पोरगी पहिली आली. लोकं बसून आहेत."

आतून उत्तर आलं नाही. देवपूजा आणि सगळ्यांची पानं झाल्यावर, आई दुपारची आत्ता कुठे जेवायला बसली होती.

बाबा स्वयंपाकघराकडे निघाले. भूमिका त्यांच्या आधी तिथे पोचली आणि ढाल छातीशी धरून दारात उभी राहिली.

"थांबा बाबा. आई जेवून राहिली."

मागे वळून बाबा लोकांना म्हणाले, बसा, येते ती.

आईने मान वर केली. ढालीकडे पाहिलं, मग बराच वेळ लेकीकडे. डोळे भरून आले तसे तिने ते डाव्या हाताच्या पाठीने पुसले.

मग पातेलं जवळ ओढलं, आणि आणखी थोडा भात वाढून घेतला.