एव्हरिलसाठी कोरलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी हातपेटी आहे. खुरपी, कात्री, सुतळी असे सारे सामान एका हाताने बागेत नेता यावे म्हणून मला घडवले. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, ह्यूऑन नदीच्या काठच्या एका गावात निवृत्त मंडळी एका शेडमध्ये सुतारकाम करायला जमत. तिथेच माझा जन्म झाला.

मला घडवणारे लिंडसे ट्रेथवी जन्मभर सुतार होते. पण म्हातारपणी त्यांच्या हातांना कंप सुटला आणि पटाशी धरणे कठीण झाले. त्याच सुमारास त्यांची पत्नी एव्हरिल हिची नजर जाऊ लागली. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी तिला धुरकट डाग दिसे. बागेत हातातले अवजार खाली ठेवले की ते तिला पुन्हा सापडत नसे. गवतात चाचपडताना एकदा कात्री तिच्या तळहातात घुसली. तेव्हापासून ती बागेत जाईना.

शेडमध्ये एक सीएनसी यंत्र होते. संगणकावर रेघ काढून दिली की त्याचे पाते तिच्याबरहुकूम लाकूड कोरत जाई. ते त्याच मंडळींपैकी एक, ग्वेनेथ, चालवत असे. लिंडसे इतके दिवस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. एके दिवशी मात्र ते एव्हरिलची अवजारे घेऊन ग्वेनेथसमोर उभे राहिले.

"काय रे, शेवटी आलास ना माझ्या खेळण्याकडे?" ग्वेनेथ म्हणाली.

"यंत्राचा हात थरथरत नाही, एवढाच त्याचा गुण. अक्कल माझीच लागणार आहे!"

प्रत्येक अवजाराला त्याच्या आकाराची खाच हवी होती, बोटांनी ओळखता येईल अशी. ग्वेनेथने अवजारे कागदावर ठेवून त्यांच्या कडा रेखल्या, कारण लिंडसेंची रेघ वाकडी जात होती. पहिली फळी वाया गेली. पकड सैल पडली, फळी सरकली आणि पाते आरपार गेले. लिंडसेंनी ती फळी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "दुसरी लाव."

ती दुसरी फळी म्हणजे मी. पाते गरगरत आले तेव्हा पिवळा भुसा उडाला आणि माझ्या अंगात एकेक खाच उमटत गेली. पुढे माझ्या बाजू जोडल्या, वर दांडा बसवला. पॉलिश पेपर मात्र लिंडसेंनी स्वतः फिरवला. "ह्या कामाला कापरा हातच बरा," असे म्हणून ते हसले.

एव्हरिलने मला मांडीवर घेतले. "ही कात्री. ही खुरपी. आणि हा गोल खड्डा कसला?"

"तुझ्या चहाच्या कपाचा. रोज कुठेतरी ठेवतेस आणि मला शोधायला लावतेस."

"शोधतोस कुठे? बसल्या जागेवरून ओरडतोस नुसता!" ती म्हणाली, आणि रडू लागली.

त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची होती. नजर पुरती गेली तरी एव्हरिल शेंगा तोडी, रासबेरीची छाटणी करी. शेजारी माझे कौतुक करत. पावसात भिजले तर लिंडसे मला चुलीपासून दूर, सावकाश वाळवत.

पण त्यांचा आजार हातांवर थांबला नाही. त्यांचे पाय गेले, मग ओळखही जाऊ लागली. मुलगी कर्स्टन हिने दोघांना होबार्टच्या वृद्धाश्रमात ठेवले आणि घर विकले.

"आई, तिथे बाग नाही गं. पेटी घेऊन काय करशील?"

"अवजारं राहू देत. पेटी मी नेणार."

म्हणून मी रिकामीच गेले. एका दुपारी एव्हरिलने मला लिंडसेंच्या मांडीवर ठेवले. त्यांची बोटे कितीतरी वेळ माझ्या खाचांतून फिरत राहिली.

"कुणी केलंय हे? चांगलं काम आहे."

"होता एक सुतार," एव्हरिल म्हणाली.

"हात फार स्थिर असणार त्याचा."

"हो," ती म्हणाली. "फार स्थिर होता."

त्या हिवाळ्यात लिंडसे गेले. एव्हरिलने मला पलंगाखाली सरकवले आणि पुन्हा कधी हात लावला नाही. पुढे तीही गेली. खोली रिकामी करणाऱ्यांनी मला जुन्या सामानाच्या दुकानात दिले. लोक मला उचलत, खाचांत डबे-बाटल्या बसवून बघत आणि खाली ठेवत. ह्या आकारांची अवजारे आता कुठेच नव्हती. शेवटी दुकानातल्या बाईंनी एका गिऱ्हाईकाला सांगितले, "काही मावत नाही हो त्यात. जळणाला न्या हवं तर."

मित्रांनो, आता मी त्या माणसाच्या घरी ओंडक्यांच्या टोपलीत आहे. बाहेर गारठा पडू लागला आहे. मला कोणी वाचवील अशी आशा मी धरत नाही आणि तुमच्याकडे मागतही नाही. पण तुमच्या घरात कोणाची नजर किंवा आठवण विझत चालली असेल, तर त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा. ते तुम्हाला नावाने हाक मारू शकतात, तोवरच.

तो माणूस काडेपेटी शोधतो आहे.