मेण लावलेली मूठ

"हललं, हललं," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. व्यासपीठावर काचेचे दोन वाडगे होते. दोन्हींत वाळून मुठीसारखं आवळलेलं एकेक झाड. उजवीकडे पालवीबाबांचं मंतरलेलं पाणी, डावीकडे साधं नळाचं. उजवी मूठ सावकाश उघडत होती. डावी ढिम्म.

"मेलेलं उठतं," पालवीबाबा माइकमध्ये कुजबुजले. "फक्त पाणी ओळखीचं लागतं. मनाचं पाणी, प्राणाचं पाणी... बाटल्या बाहेर टेबलावर आहेत."

धाकटीला खुर्चीत बसवत नव्हतं. तिचं लक्ष शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीकडे होतं. ताईने बाबांच्या सांगण्यावरून इन्सुलिन बंद केलं होतं. तिचे ओठ कोरडे पडले होते, श्वास जोरात चालला होता आणि ती बाटलीवर बाटली रिचवत होती.

"ताई, साखर चढलीये तुझी. दवाखान्यात चल."

"बाबा म्हणालेत, तहान लागणं शुभ. आतलं झाड पाणी मागतंय."

"आत झाड नाही, मूत्रपिंडं आहेत."

"तू गप्प बस. सगळा जन्म पानं मोजण्यात घालवलास, श्रद्धा कशाशी खातात ते कुठून कळणार?"

पानं मोजण्यात गेला होता खरा. धाकटी वनस्पतिशास्त्रज्ञ. वाळतात पण मरत नाहीत, अशाच झाडांवर तिची कारकीर्द गेली. शोधनिबंध छापून आले आणि कपाटात गेले. कुणी उघडलेच, तर तळटीपेत नाव टाकण्यापुरते. निवृत्तीच्या समारंभात विभागप्रमुखांनी तिचा विषयसुद्धा चुकीचा सांगितला होता, आणि ते तिला अजून झोंबत होतं.

"हे मी नाही, विज्ञान म्हणतं," बाबा म्हणाले. मागच्या पडद्यावर एका शोधनिबंधाचं पहिलं पान झळकलं. धाकटीने चष्मा सारखा केला. निबंध तिचाच होता.

"अहो, ही लिहिणारी माझी बहीण," ताई अभिमानाने उभी राहिली आणि तोल जाऊन पुन्हा बसली.

बाबांनी लगेच विदुषींना वर बोलावलं. असं आयतं प्रमाणपत्र कोण सोडतं? धाकटी तरातरा चढली, बोट बुडवून तिने डाव्या मुठीवर थेंब सोडला. अळवावरचं पाणी जसं घरंगळतं तसा तो घरंगळला.

तिला हसावं की रडावं कळेना. हे झाड पानांनीही पाणी पितं हे सिद्ध करायला तिने काही झाडं पातळ मेणात बुडवली होती. ती उमलली नव्हती. निबंधातला हा भाग परीक्षकांनीही वरवर चाळला असणार. या पठ्ठ्याने मात्र मन लावून वाचला होता.

"वाडगे बदलू या," ती म्हणाली.

"संकल्प झालाय, बाई. आता हात लावला तर कोप होईल."

"प्रयोगशाळेत आमचा रिवाजच आहे. निकाल मनासारखा आला की आधी अदलाबदल करायची."

सभेत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात ताईचा खोल गेलेला आवाज आला, "बदला की, बाबा. तुमचं पाणी खरं असेल तर तेही उठेल. मी त्याच भरवशावर बसलेय."

आता हिला नाही कसं म्हणणार? डावी मूठ मंतरलेल्या पाण्यात गेली. उजवी आधीच उमलली होती, म्हणून एका बाईने बाबांकडूनच घेतलेलं कोरं, वाळलेलं झाड पिशवीतून काढून नळाच्या पाण्यात टाकलं. धाकटी फेऱ्या घालत होती, एक डोळा वाडग्यांवर, एक ताईवर. थोड्या वेळाने नळाच्या पाण्यातली पानं सैल पडू लागली. मंतरलेल्या पाण्यातली मूठ तशीच. धाकटीने ती उचलून नखाने खरवडली आणि निघालेलं मेण सगळ्यांसमोर धरलं. बाबा माइक ठेवून मागच्या दाराकडे सरकले.

धाकटी ताईजवळ येऊन बसली. "ते मेलंच नव्हतं गं. वाळून जगायची सोय त्याच्या अंगातच असते. तुझ्या-माझ्या अंगात ती नाही."

ताईने हातातली बाटली खाली ठेवली. "चल मग. मला फार गरगरतंय."

दवाखान्यात वेळेवर पोचल्या म्हणून ताई वाचली. नमस्कार कुणाला करायचा तो खुशाल करा, मंडळी. पण औषध सोडण्याआधी एकदा वाडगे बदलायला सांगा. खऱ्या गोष्टीचं त्याने काही बिघडत नाही.

ताई उठून बसली त्या दिवशी शेजारीण साखर उतरवणारं कडं घेऊन आली.

"दोन आणा," ताई म्हणाली. "एक खरं, एक साधं. मग अदलाबदल करून बघू. माझ्या बहिणीने लिहून ठेवलंय."

एवढ्या वर्षांत धाकटीचा दाखला पहिल्यांदाच कुणीतरी नीट दिला होता. ती खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत राहिली.