कुनीएदा कुठे उतरले

तामाए बूट न काढताच आत आली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चटयांवर काळ्या मातीचे ठसे उमटले. शिगेनो ओट्याशी मासा साफ करत होती. तिने आधी ते ठसे पाहिले, मग नणंदेकडे पाहिलं.

"खरं आहे का, वहिनी?"

"काय?"

"वेड पांघरू नका. बोटीच्या कचेरीतून आत्ता यादी आली. गुरुवारच्या बोटीने एकच प्रवासी, कुनीएदा. आणि मुक्काम कुठे, तर तुमच्याकडे."

शिगेनोने सुरी उलटी धरून माशाचे उरलेले खवले खरवडले. "हो. माझ्याकडे."

बेटावर माणसं एकशे चौसष्ट, आणि परक्याला उतरता येईल अशी घरं तीन. बंदराजवळ रिन्झोचं, शाळेमागे तामाएचं आणि वरच्या वस्तीत शिगेनोचं. तंबू ठोकायला मनाई होती. कुठे उतरणार ते आधी कळवल्याशिवाय बोटवाले शिडीला हात लावू देत नसत. त्यामुळे या तिघांनी नाही म्हटलं, की माणूस बेटावर येऊच शकत नसे. डोंगरावरची वेधशाळेची खोली बंद होणार आणि यंत्रं उतरवायला कुनीएदा स्वतः येणार, ही बातमी आली त्या दिवशी देवळाच्या आवारातला पाचोळा काढता काढता रिन्झो म्हणाला होता, "भरलंय म्हणून सांगायचं. तिघांनीही." सगळे हसले होते. डिसेंबरात बेटावर चिटपाखरू फिरकत नाही. तेव्हा शिगेनोनेही मान हलवली होती.

"चार दिवस मी फोनपाशी बसून आहे," तामाए म्हणाली. "काय काय सुनवायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. तर मेल्याने आम्हाला फोनच केला नाही. थेट तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात!"

"मला त्याच्या तोंडावर बोलायचंय. फोनवर काय बोलणार?"

"माझ्या दादाचा जीव घेतला त्याने. त्याला तुम्ही भात वाढणार?"

"वाढीन. आणि तो खात असताना बोलीन. घास गिळता येणार नाही असं."

उत्तर तामाएला अगदीच नापसंत नव्हतं. निघताना आपले ठसे तिला दिसले, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष करून ती निघून गेली. शिगेनोने फडकं ओलं केलं आणि चटया पुसायला बसली. एक जागा स्वच्छ झाल्यावरही ती तिथेच घासत राहिली.

चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, डोंगर, म्हणजे बेटावरचा ज्वालामुखी, नऊ दिवस थरथरत होता. वेधशाळेचे कुनीएदा म्हणाले, बेट रिकामं करा. एका दिवसात सगळे बोटींनी निघाले. डोंगर काही फुटला नाही. तरी सात महिने सगळ्यांना तोक्योतल्या सरकारी इमारतींत राहावं लागलं. निघताना इतरांनी आपली गुरं मोकळी सोडली होती, ती रानात चरून जगली. शिगेनोचा नवरा मासुओ याची अकरा गुरं मात्र वरच्या गोठ्यात, डोंगराच्या पार कडेला, दाव्याला बांधलेली राहिली आणि पाण्यावाचून मेली. वर जायला कुनीएदांनी बंदी घातली होती, हे बेटावर लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. तोक्योतल्या सभेत तामाएने भर गर्दीतून त्यांच्या अंगावर सपात फेकून मारली होती. "वर बंदी कुणी घातली? बोला ना!" कुनीएदा वाकले होते, पण बोलले नव्हते. सप्टेंबरात, परतायला महिना राहिला असताना, नवव्या मजल्यावरच्या त्या खोलीत मासुओ गेला.

गुरुवारी बोट लागली. कुनीएदा शिडीवरून उतरले. पासष्टीचे असतील, पण पूर्वीपेक्षा निम्मे दिसत होते. त्यांनी बंदरावर एकेकाला नमस्कार केला. एकानेही परत केला नाही. रिन्झोने तर पाठच फिरवली आणि समुद्राकडे तोंड करून सिगरेट पेटवली. शिगेनोने गाडीचं दार आतून ढकलून उघडलं.

सहा वाजता तिने ताट मांडलं. कच्चा मासा, वाफेच्या खड्ड्यात शिजवलेली रताळी, अशिताबा या रानपाल्याची भाजी, भात, कढण. सगळं चोख केलं होतं. जेवणाला नाव ठेवायची संधी तिला द्यायची नव्हती.

"जरा बसता का, बाई?" कुनीएदा म्हणाले.

"मी उभी बरी आहे." तिने हात एप्रनमध्ये गुंडाळले. "डोंगर फुटला नाही, साहेब."

"नाही फुटला."

"एक दगडसुद्धा गडगडला नाही. सात महिने आम्ही त्या खुराड्यांत काढले. खाली मोटारी, वर माणसं, शेजारची बाई आमच्या माशाच्या वासाची तक्रार करायची. माझा माणूस खिडकीशी बसून विचारायचा, आज वारा कुठला आहे? तिथे वाराच कळायचा नाही. आणि तुम्ही टीव्हीवर आकडे सांगत होता."

"हो."

"हो काय? आता काय म्हणणं आहे तुमचं?"

कुनीएदांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "तेच आकडे आज आले, तर आजही मी उठा म्हणेन."

कढणाचा वाडगा तिच्या हाताशी होता. तो भिरकावून द्यायचं तिने जेमतेम टाळलं. "लाज नाही वाटत?"

"त्याची नाही वाटत. दुसऱ्या एका गोष्टीची वाटते. तीच विचारायला आलोय. यंत्रं काय, कुणीही उतरवली असती." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "त्या दिवशी दुपारी मी गाडी घेऊन तुमच्या दाराशी आलो. मासुओ बंदरावर होते, तुम्ही एकट्या होतात. तेव्हा मी काय म्हणालो, आठवतं तुम्हाला?"

शिगेनोने कढणाचा वाडगा ताटात थोडा सरकवला.

"मला आठवतं ते असं. मी म्हणालो, बोट चारला आहे, दोन तास आहेत, तेवढ्यात कुणीतरी वर जाऊन गुरं सोडून या, गोठ्यापर्यंत धोका नाही. पण पुढे सगळे म्हणायला लागले की मी बंदी घातली. त्या दिवशी मी चाळीस घरं फिरलो. दोन रात्री झोप नव्हती. तुमच्या दाराशी उलटंच काही बोलून गेलो असेन. चार वर्षं तेच डोक्यात फिरतंय. तिथे आपण दोघंच होतो, म्हणून तुमच्याकडेच उतरायचं ठरवलं. काय म्हणालो होतो मी?"

शिगेनोने भाताच्या भांड्यावरचं झाकण उचललं, पुसलं आणि परत ठेवलं.

"वर जाऊ नका, म्हणालात."

"बंदी आहे असं?"

"बंदी आहे असं."

कुनीएदांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "ठीक. निदान कळलं." मग ते वाकले, कपाळ चटईला टेकेपर्यंत, आणि बराच वेळ तसेच राहिले.

चार वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती. तो आला, आणि तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. एका शब्दाने भांडला नाही हा माणूस. आकड्यांवरून हटत नाही आणि इथे एका बाईच्या सांगण्यावर स्वतःची आठवण टाकून देतो?

"जेवण गार होतंय," ती ओरडली आणि आत निघून गेली. थोड्या वेळाने ताट उचलायला आली, तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं.

पुढचे दोन दिवस ते सकाळी वर जात आणि पेट्या पाठीवर लादून खाली आणत. कुणी हात लावायला गेलं नाही. शनिवारी ते परतले तेव्हा दोन्ही तळव्यांवर चिरा पडलेल्या होत्या.

"हे काय?" शिगेनोने विचारलं.

"बांबूगवताच्या पात्यांनी कापलं. तुमच्या गोठ्याचं दार गवताने पार झाकून गेलं होतं, ते साफ केलं."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग हात कशाला लावलात? माझा गोठा आहे तो! चार वर्षं मी तिकडे फिरकले नाही, आणि तुम्ही कोण दार मोकळं करणारे?" तिचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असावा. कुनीएदा माफी मागून नळाकडे हात धुवायला गेले.

रविवारी समुद्र चढत होता. बोट धक्क्याला फार वेळ थांबणार नाही, हे दिसत होतं. बंदरावर नेहमीची पंधरा-वीस माणसं जमली होती. तामाए पुढेच उभी होती.

"बोललात का, वहिनी?"

"बोलले."

"मग आता मी बोलते." ती कुनीएदांसमोर जाऊन उभी राहिली. "पुन्हा या बेटावर पाय ठेवायचा नाही, कळलं? माझा दादा..."

"तामाएबाई," कुनीएदा म्हणाले, "तुमच्या भावाच्या गुरांबाबत चूक माझी होती. मी मनातून ती मानत नव्हतो, म्हणून सभेत गप्प राहिलो. शिगेनोबाईंनी काय घडलं ते सांगितलं. आता मानतो. वर जायला धोका नसताना बंदी मी घातली."

तामाए वळून ओरडली, "ऐकलंत का सगळ्यांनी? रिन्झोकाका, ऐकलंत? कबूल केलं याने!"

"तोंडी कबुली काय कामाची," रिन्झो सिगरेट विझवत म्हणाला. "उद्या तोक्योला जाऊन फिरतील. लिहून द्यायला सांग."

"द्या लिहून!"

"देतो," कुनीएदा म्हणाले. त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली, वही काढली आणि एका पेटीवर टेकवली. पेनाचं टोपण काढताना त्यांचे चिरलेले तळवे उघडे पडले.

"नका लिहू," शिगेनो म्हणाली.

वाऱ्यामुळे बहुतेकांना ते ऐकू गेलं नाही. ती पुढे झाली आणि तिने वहीवर हात ठेवला. "नका लिहू. खोटं आहे ते."

"वहिनी?"

"यांनी बंदी घातली नव्हती. दोन तास आहेत म्हणाले. गुरं सोडून या म्हणाले. धोका नाही म्हणाले." तिचे शब्द एकामागून एक, चिडून, कुणालातरी दटावल्यासारखे येत होते. "माझा माणूस घरी आला आणि त्याने विचारलं, कुनीएदा काय म्हणाले. मी म्हटलं, वर बंदी आहे. मी म्हटलं. एक गाय व्यायला झाली होती. वर गेला असता तर तो तिला सोडून खाली आला असता? मी ओळखून होते त्याला. बोट गेली असती, तो वर बसला असता आणि डोंगर फुटला असता. फुटणारच होता ना? तुम्ही सगळेच म्हणत होता फुटणार म्हणून!"

रिन्झो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"दादाला हे माहीत होतं?" तामाएने विचारलं. तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"गुरं मेल्याची बातमी आली तेव्हा मी सांगितलं. जुलैत."

"मग?"

"मग त्याने जेवण सोडलं. माझ्या हातचं काहीच घेईना."

कुनीएदांनी पेनाचं टोपण लावलं. वही मिटून पिशवीत ठेवली. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रक्त चढलेलं दिसलं.

"गुरुवारी जेवताना मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"समोर बसून विचारलं होतं."

"हो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पिशवी खांद्याला लावून ते शिडीकडे गेले. वर चढताना इतर सगळ्यांकडे वळून वाकले. शिगेनो उभी होती त्या बाजूला त्यांनी मान वळवली नाही. बोटीवरच्या माणसांनी पेट्या ओढून घेतल्या.

बोटीची शिट्टी झाली. एक लाट धक्क्यावरून आली आणि सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत भिजले. माणसं जणू सुटका झाल्यासारखी आपापल्या कामाला पळाली. कुणी शिडीला लागलं, कुणी पुढच्या दोराला. मागचा दोर खुंटावरून काढायचं काम कित्येक वर्षं शिगेनो आणि तामाए या दोघींचंच होतं. मनगटाहून जाड तो दोर पाणी पिऊन असा जड होई, की एकटीला हलत नसे.

शिगेनो खुंटापाशी जाऊन उभी राहिली. दोराला हात लावावा की नाही, तिला कळेना. बोटीवरून कुणीतरी घाई करा म्हणून ओरडत होतं. तामाए जागची हलली नव्हती. तिने हातमोजे काढले, परत चढवले, आणि मग चालत आली. खुंटाच्या पलीकडे उभी राहून ती वाकली, दोराखाली हात घातले. लग्न होऊन शिगेनो या घरात आली त्याला छत्तीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत भांडणातसुद्धा तामाए तिला कधी एकेरी बोलली नव्हती.

"धर," तामाए म्हणाली.

शिगेनो वाकली.