तिसऱ्या साच्यातला आरसा

मी एक जुना आरसा आहे, पण काचेचा नव्हे; तांबे आणि कथील यांचा. मित्रांनो, थोरामोठ्यांचे जन्म महालात होतात. माझा झाला माती आणि घोड्याची लीद कालवून केलेल्या साच्यात. इंग्लंडात, डेव्हनमधल्या एका गावी, सायलस घड्याळजीच्या स्वयंपाकघरात.

माझे दोन्ही थोरले भाऊ थंड होता होताच तडकले होते. तेव्हा सायलसची बायको केझाया म्हणाली, "हा शेवटचा हं! पाद्रीसाहेबांच्या भिंगाच्या दुर्बिणीपेक्षा हा सरस निघाला नाही, तर भट्टी बाहेर आणि तुम्ही मुकाट्याने घड्याळांपाशी."

मी तडकलो नाही. मग डांबराच्या थरावर माझी घोटाई सुरू झाली. शेवटच्या हाताला थांबायचे नसते, म्हणून सायलसचे दोन्ही हात माझ्यावरच अडकलेले.

"केझाया, नाक खाजतंय!"

"कुठं?"

"डावीकडे. अगं, माझ्या डावीकडे!"

मग मला लाकडी नळीच्या बुडाशी बसवून दुर्बीण तयार झाली. परीक्षेच्या दिवशी पाव मैलावरच्या चर्चच्या मनोऱ्याला पंचांगाचे एक पान डकवले. पाद्रीसाहेब सवयीप्रमाणे दुर्बिणीच्या बुडाशी वाकले.

"सायलस, नुसतं लाकूड दिसतंय."

"तिथं आरसा बसवलाय साहेब. बघायचं भोक वर, बाजूला आहे."

"दुर्बिणीच्या कुशीत डोळा घालायचा? भलतंच!"

पण घातला. "कागद उलटा लावलायस की!"

"कागद सुलटाच आहे. ही उलटं दाखवते."

वाचण्यासाठी साहेबांनी मान वेडीवाकडी केली, तशी त्यांचा केसांचा टोप गवतात पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत. एकेक ओळ मोठ्याने वाचत राहिले. त्यांच्या भिंगातून दिसते तशी जांभळी किनारही अक्षरांना नव्हती. सायलसने माझ्या लाकडी नळीवर हळूच थाप मारली.

"सरका आता साहेब," म्हणत केझायाने डोळा लावला.

"अहो, कागदावर माशी बसलीय," ती म्हणाली. "पाय पुसतेय बाई!"

भट्टी घरातच राहिली.

मित्रांनो, पुढे माझे फार कौतुक झाले आणि कौतुकानेच माझे हाल केले. दमट हवेने मी मळकटलो, की जो तो मायेने बाहीने मला पुसायला धावे. प्रत्येक पुसण्यात माझी खोलगट गोलाई बिघडे आणि सायलसला पुन्हा आठवडाभर घोटत बसावे लागे. म्हणून एवढीच विनंती : माझ्यावर झाकण ठेवा, कोरड्या जागी ठेवा. फारच माया दाटून आली, तर दोन्ही हात पाठीमागे बांधा आणि बघा. मी त्यासाठीच आहे.