दीपमालेनं पोसलेलं मांडूळ

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. दीपमाला लग्न होऊन डोंगरकड्याला आली, पण त्या घरात रुळली नव्हती. नवरा शिवहार शेळ्या राखायचा, घरात फारसं बोलायचा नाही. म्हणून आखाडा बाळापूरच्या बाजारात गारुड्यापुढं थांबून तो म्हणाला, "तुला सापाचं भ्या न्हाई ना? घे यातला एक. पाळू," तेव्हा तिला खरंच वाटेना.

टोपलीत दोन मांडुळं होती. शिवहारनं मोठं दाखवलं. "हे घे, अंगानं भरलेलं हाय."

दीपमालेनं मात्र त्याच्या पोटाखाली तोंड खुपसून बसलेलं लहानगं उचललं. ते तिच्या मनगटाला हळूच वेढा घालून बसलं.

"हेच."

शिवहार जरा घुटमळला. "बरं. वाढंल ते."

जुन्या रांजणात माती भरून तिनं त्याला ठेवलं, भुऱ्या म्हणून हाक मारू लागली. सासू चांगुणाबाई ओरडली, "चाटलं तर कोड फुटंल!" शिवहारनं आईलाच गप्प केलं. शेळ्या घेऊन परतताना तो आठवणीनं भुऱ्यासाठी उंदीर आणायचा. हा माणूस बोलत नाही, पण आपल्यावर जीव आहे, असं दीपमालेला त्या उंदरांवरून वाटायचं.

भुऱ्या चांगला जाड झाला. मग एका दुपारी जीपमधून दोन माणसं तराजू घेऊन उतरली. मांडूळ गुप्तधन दाखवतं म्हणून लोक ते वजनावर घेतात, हे तिनं ऐकलं होतं.

"वजन बराबर भरंल," ओसरीवर शिवहार सांगत होता. "आणलं तवाच ठरवलं व्हतं. बायकोच्या हातात जनावर लवकर वाढतं, म्हणून तिच्याकडं दिलं." मग त्यानं आत हाक मारली, "अगं, काढ त्याला भाईर. दुसऱ्याच्या हाताला येत न्हाई ते."

दीपमालेनं भुऱ्याला पदराखाली घेतलं आणि मागच्या दारानं थेट ओढ्याकाठी गेली. भुसभुशीत मातीवर ठेवलं, तर तो परत तिच्या तळव्याकडंच वळला. दोनदा ढकलला. शेवटी तिनं त्याच्यावर ओंजळीनं माती लोटली, तेव्हा कुठं तो आत शिरला.

ती परतली तेव्हा जीप गेली होती.

"काहून केलंस असं?" शिवहार म्हणाला. "पैसं आपल्याच घरात आलं असतं ना?"

"मंग बाजारातच सांगायचं व्हतं. मला काहून फसवलं?"

तो उठून शेळ्या बांधायला गेला. तिनं भाकरी थापल्या, त्याला वाढलं. मागं ती तापानं फणफणली, तेव्हा हाच माणूस उशाशी बसून राहिला होता. ते तरी कशासाठी होतं, हे आता त्याला विचारायची तिला भीती वाटली.