मोतीबिंदू पिकेपर्यंत

"पोरीच्या लग्नाले पोलकं टाकलं होतं, देवमनभाऊ. पोरगी आता बाळंतपणाले आली!"

पार्बताबाईंनी दुकानाच्या फळीवर हात आपटला. मशीनवरची मान वर न करता देवमन म्हणाला, "उद्या देतो, बाई. पक्कं."

"तुमचा उद्या कोन्या पंचांगात येते, थेच पाह्यतो मी."

अमरावतीत जवाहर गेटजवळ देवमनचं शिवणकामाचं दुकान होतं. हात चांगला, म्हणून गिऱ्हाईक टिकून होतं. काज-बटणं त्याची बायको मनकर्णा करायची. अलीकडे तिची बटणं काजांशी जुळत नव्हती.

एकसष्ट साली अकोल्याच्या नेत्रशिबिरात तिला तपासून डॉक्टर म्हणाले होते, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पिकू द्या, मग काढू." थांबायला सांगणारा हा पहिलाच शहाणा माणूस देवमनला भेटला होता. त्याने ते वाक्य जपून ठेवलं. पुढच्या हिवाळ्यात उजवी बाहुली दुधासारखी पांढरी झाली, तेव्हा लगीनसराई होती. मग ऊन लागलं. उन्हाळ्यात डोळा कापू नये, असं सारेच म्हणत. पावसाळ्यात जखम चिघळते, हेही सारेच म्हणत. मनकर्णा भाकर टाकताना तव्याची कड चाचपायची आणि भाजलेलं बोट पदरात लपवायची.

भाद्रपदात एका सकाळी ती डोकं धरून ओकायला लागली. "डोया फुटून राहिला व माय!"

देवमनने तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी टाकून बराच वेळ पाहिलं.

"उजवा गेला. जास्त पिकून आतच फुटला. हिवाळ्यात आणलं असतं तर..." त्यांनी बॅटरी विझवली. "दुखणं थांबेल, नजर येणार नाही. डावाही पिकलाय, तो वाचेल. तयारी करून सोमवारी घेऊन या."

'बरं' देवमनच्या ओठांवर आलंच होतं. बाकावर बसलेली मनकर्णा हात पुढे करून त्याला शोधत होती. तो तिच्या समोरच उभा होता.

"तिले आताच ठेवून घ्या, सायेब."

"अहो, सामान तरी आणाल की नाही?"

"सामान मी आणतो. पण तिले घरी नेत नाही. घरी नेलं त मी पुन्हा आणणार नाही. मी मले ओयखतो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली.

ऑपरेशननंतर मनकर्णा डोळ्यांवर पट्टी बांधून खाटेवर निजून होती, तेव्हा देवमन तिला चहा पाजून दुकानात यायचा आणि हाताला येईल ते कापड उचलायचा. निवडत बसलं की जीव मागे सरतो, हे त्याला कळलं होतं. पोलकं त्याने स्वतःच पार्बताबाईंच्या दारात नेऊन दिलं.

"तब्येत बरी आहे ना, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"आहे," तो म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

जाड भिंगांचा चष्मा मिळाला त्या दिवशी मनकर्णा दवाखान्याच्या ओट्यावर त्याच्याकडे पाहतच राहिली.

"काय पाहून राहिली व?"

"तुमी कवा म्हातारे झाले?"

दोघं पायीच निघाले. तो तिच्या उजव्या अंगाने चालत होता. थोडं पुढे गेल्यावर तो काही बोलला, तेव्हा ती आवाजाकडे अख्खी वळली आणि अडखळली. देवमन थांबला. मागून वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आला, आणि मग दोघं चालू लागले.